कॅमेऱ्याचं वाय-फाय फोनवर टिकत नाही? आधी मोबाइल डेटा बंद करून पाहा

तक्रार जवळपास नेहमी एकाच शब्दांत येते. कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, फोनवर कंपनीचं ॲप उघडलं, लाइव्ह व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्याला दिसणारं चित्र, फोनवर दिसायला लागला, दोन-चार फोटोही निघाले. मग चित्र गोठलं आणि कनेक्शन तुटल्याचा निरोप आला. पुन्हा जोडलं की पुन्हा तेच. लोक ॲप काढून परत टाकतात, कॅमेरा रिसेट करतात आणि शेवटी कॅमेऱ्याचं वाय-फाय गेलं असं समजून नाद सोडतात.

मी अंगणात पाण्याची थाळी ठेवतो, तिच्याजवळ कॅमेरा लावतो आणि घरात बसून फोनवरून फोटो काढतो. माणूस आसपास नसला की बुलबुल, दयाळ, सातभाई निवांत अंघोळ करतात. त्यांना न हुसकावता फोटो मिळावा यासाठी हा सगळा खटाटोप मला मोलाचा वाटतो. ओळखीचे लोक याच अडचणीसाठी फोन करतात तेव्हा बहुतेकदा त्यांच्या कॅमेऱ्यात काहीच बिघडलेलं नसतं. ती जोडणी त्यांचा फोन स्वतःहून सोडून देत असतो.

फोन असं का करतो

कॅमेऱ्याचं वाय-फाय चालू केलं की कॅमेरा स्वतःचं एक छोटं नेटवर्क तयार करतो. त्यावर कॅमेरा आणि तुमचा फोन एवढे दोघेच असतात, इंटरनेट नसतं. फोन मात्र कुठल्याही वाय-फायला जोडला गेला की इंटरनेट येतंय का ते लगेच तपासतो. अँड्रॉइड फोन गूगलच्या सर्व्हरला एक छोटी विचारणा पाठवतो, आयफोन ॲपलच्या सर्व्हरला. उत्तर आलं नाही की फोनच्या दृष्टीने ते नेटवर्क कुचकामी ठरतं. अँड्रॉइड ५ पासून, म्हणजे २०१४ पासून, अशा वेळी मोबाइल डेटाला प्राधान्य मिळतं. वर वाय-फायचं चिन्ह दिसत राहतं, फार तर त्याच्याशेजारी एक उद्गारचिन्ह येतं, पण ॲपने कॅमेऱ्याला दिलेला हुकूम मोबाइल डेटाच्या वाटेने निघून जातो. त्या वाटेवर कॅमेरा नाहीच.

२०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० मध्ये ॲपला फक्त स्वतःपुरतं असं नेटवर्क मागून घेण्याची सोय झाली. त्यामुळे नवं ॲप आणि नवा फोन असेल, आणि जोडणी ॲपच्या आतूनच केली, तर हा त्रास बराच कमी होतो. पण अनेक जण सवयीने फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन कॅमेऱ्याचं नाव निवडतात, पासवर्ड टाकतात आणि मग ॲप उघडतात. त्यांची गाठ पुन्हा जुन्याच अडचणीशी पडते.

पहिली चाचणी

दुसरं काहीही करण्याआधी हे करा. फोन एअरप्लेन मोडवर टाका. मग वाय-फाय हाताने चालू करा, कॅमेऱ्याला ब्लूटूथ लागत असेल तर तेही चालू करा. कॅमेरा आणि फोन एकमेकांपासून हातभर अंतरावर ठेवा, जोडणी करा आणि दहा मिनिटं लाइव्ह व्ह्यू चालू राहू द्या.

या अवस्थेत सगळं सुरळीत चाललं तर कॅमेरा निर्दोष आहे आणि फोन नेटवर्क बदलत होता हे सिद्ध झालं. एअरप्लेन मोडमध्येसुद्धा तुटलं तर कारण दुसरीकडे आहे, ते पुढे येईलच. ही चाचणी केल्याशिवाय ॲप काढणं, कॅमेरा रिसेट करणं यातलं काहीही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातून काही कळत नाही आणि कॅमेऱ्यातल्या सेटिंग्ज तेवढ्या पुसल्या जातात.

एकट्याने पक्षी टिपणाऱ्याला एअरप्लेन मोड पुरतो. मी तर बसण्याआधी तो लावूनच बसतो. लग्नाचं काम करणाऱ्याला मात्र फोन बंद ठेवून चालत नाही, मंडपातून कुणाचा तरी फोन येणारच. त्यासाठी कायमचा बंदोबस्त करावा लागतो.

अँड्रॉइडवर कॅमेऱ्याच्या नेटवर्कला पहिल्यांदा जोडल्यावर काही सेकंदांनी एक प्रश्न येतो: या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरीही जोडलेलं राहायचं का? हा प्रश्न बऱ्याचदा वरच्या सूचनांच्या यादीत येऊन बसतो आणि लक्षातच येत नाही. तिथे 'हो' म्हणा आणि पुन्हा न विचारण्याच्या चौकटीत खूण करा. आधी कधीतरी घाईत 'नाही' म्हणून तीच खूण केली असेल, तर फोन ते नेटवर्क दरवेळी नाकारत राहील. अशा वेळी वाय-फायच्या यादीत कॅमेऱ्याच्या नावावर जाऊन 'फरगेट' करा आणि पहिल्यापासून जोडा. त्यानंतर फोनमधली ती आपोआप डेटावर उडी मारणारी सोय शोधून बंद करा. सॅमसंगमध्ये ती इंटेलिजंट वाय-फायखाली 'स्विच टू मोबाइल डेटा' या नावाने असते, इतर फोनमध्ये वाय-फाय असिस्टंट, स्मार्ट नेटवर्क स्विच अशा नावांनी सापडते. सापडलीच नाही तर शूटपुरता फक्त मोबाइल डेटा बंद करा. साधे कॉल येत राहतात आणि काम भागतं.

आयफोनवर 'वाय-फाय असिस्ट' ही सोय २०१५ पासून आहे. मोबाइल डेटाच्या सेटिंग्जमध्ये अगदी तळाशी गेलं की सापडते, ती बंद करा. आयफोनची आणखी एक सवय म्हणजे घरचं वाय-फाय टप्प्यात असलं की कॅमेरा क्षणभर गप्प झाल्याबरोबर तो घरच्या नेटवर्कवर परत जातो. तेव्हा शूटच्या वेळी घरच्या नेटवर्कचं 'ऑटो-जॉइन' बंद ठेवावं.

फोनचा सगळा डेटा दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारा व्हीपीएन चालू असेल तर वरचं सगळं करूनही ॲपला कॅमेरा सापडणार नाही. ऑफिसने दिलेल्या फोनमध्ये व्हीपीएन कायम चालू असतो आणि जाहिराती अडवणारी काही ॲपही आतून व्हीपीएनच वापरतात. वाय-फाय जोडलेलं दिसतंय पण ॲप 'कॅमेरा शोधत आहे' यापुढे सरकत नाही, असं झालं की मी पहिल्यांदा हेच विचारतो.

किती वेळाने तुटतं ते मोजा

एअरप्लेन मोडमध्येही तुटत असेल तर घड्याळ लावून बसा. तुटण्याची वेळ बरंच काही सांगते.

दरवेळी बरोबर तीस सेकंदांनी, एका मिनिटाने किंवा ठरावीक अंतराने तुटत असेल, तर कॅमेरा झोपतोय. कॅननमध्ये 'ऑटो पॉवर ऑफ', निकॉनमध्ये 'ऑटो ऑफ टायमर्स' किंवा 'स्टँडबाय टायमर' असं नाव असतं. लाइव्ह व्ह्यूची मुदत काही कॅमेऱ्यांत वेगळी ठरवावी लागते, ती विसरू नका. सगळ्या मुदती वाढवा किंवा बंदच करा. याची किंमत बॅटरीने चुकवावी लागते. लाइव्ह व्ह्यू म्हणजे सेन्सर, स्क्रीन आणि वाय-फाय तिन्ही सतत चालू. कॅननच्या १५००डीची एलपी-ई१० बॅटरी ८६० एमएएचची आहे, अशा छोट्या बॅटरीवर लांबलचक बैठक होत नाही. दुसरी बॅटरी भरून खिशात ठेवा, किंवा बॅटरीच्या जागी बसणारा अडॅप्टर घेऊन थेट विजेवर चालवा.

कॅमेरा जागा आहे पण फोनची स्क्रीन बंद झाल्यावर किंवा मध्येच व्हॉट्सॲप पाहून आल्यावर तुटतं, तर फोनची बॅटरी वाचवणारी व्यवस्था ॲपचा गळा दाबतेय. ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा आणि स्क्रीन बंद होण्याची मुदत वाढवा.

तुटण्याला काहीच वेळापत्रक नसेल, कधी पाच मिनिटं चालतं तर कधी पाच सेकंद, तर अडचण सिग्नलची आहे. पुष्कळ कॅमेऱ्यांचं वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं असतं. त्याच पट्ट्यात ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, शेजाऱ्यांचे राउटर आणि कितीतरी वायरलेस माइक असतात. या पट्ट्यातल्या चॅनेलांपैकी १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांत मिसळत नाहीत. मंगल कार्यालयात शेकडो फोन, व्हिडिओवाल्याचे कॉलरला लावायचे माइक आणि वर ड्रोनचा रिमोट असं सगळं एकत्र आलं की कॅमेऱ्याचा क्षीण आवाज त्यात बुडतो. कॅननच्या काही मॉडेलांत मॅन्युअल जोडणी निवडली की चॅनेल स्वतः ठरवता येतो. तिथे १, ६, ११ पैकी कुठला मोकळा आहे ते आलटून पालटून पाहा. कॅमेरा आणि फोन दोघांना ५ गिगाहर्ट्झ जमत असेल तर गर्दीत तेच घ्या, फक्त भिंतीपलीकडे त्याचा जोर लवकर ओसरतो.

अंगणात गर्दी नसते, तिथे अडथळा पाण्याचा असतो. ओली झाडी आणि माणसाचं शरीर हे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भरपूर शोषतात. कॅमेरा जमिनीलगत ठेवून त्यावर फांद्या टाकल्या की घरातून जोडणी अडखळते. तोच कॅमेरा वीतभर उचलला आणि खिडकीकडची बाजू मोकळी केली की चालते. फोन मांडीवर न ठेवता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्यानेही फरक पडतो.

ॲपला कॅमेरा दिसतच नाही

इथे तुटण्याचा प्रश्नच येत नाही, कारण जुळतच नाही. बहुधा परवानगी अडलेली असते. अँड्रॉइडवर आसपासची वाय-फाय नेटवर्कं शोधायला ॲपला लोकेशनची परवानगी लागते, आणि फोनचं लोकेशन प्रत्यक्ष चालूही असावं लागतं. लोक परवानगी देतात, पण वरची लोकेशनची कळ बंद ठेवतात. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथसाठी 'जवळपासची डिव्हाइस' अशी वेगळी परवानगी आली, तीही तपासा. आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून 'लोकल नेटवर्क' नावाची परवानगी आहे. पहिल्यांदा विचारलं तेव्हा नकार दिला असेल तर ॲप पुन्हा विचारत नाही. प्रायव्हसीच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ती हाताने द्यावी लागते.

फोन बदलल्यावर किंवा फोनच्या नेटवर्क सेटिंग्ज रिसेट केल्यावर जोडणी बंद पडली असेल, तर ब्लूटूथची जुनी पेअरिंग एका बाजूला शिल्लक आणि दुसऱ्या बाजूला पुसलेली अशी अवस्था असते. फोनमधून कॅमेरा काढा, कॅमेऱ्याच्या मेनूतून फोन काढा, दोन्ही बंद करून चालू करा आणि मग नव्याने जोडा. फक्त एकाच बाजूने काढून उपयोग नाही. अँड्रॉइडवर निकॉनचं स्नॅपब्रिज वापरत असाल तर पेअरिंग ॲपच्या आतूनच करा, फोनच्या ब्लूटूथ यादीतून करू नका.

ॲप योग्य आहे ना, हेही बघावं लागतं. सोनीच्या नव्या कॅमेऱ्यांसाठी क्रिएटर्स ॲप आहे, जुन्या बऱ्याच मॉडेलांसाठी इमेजिंग एज मोबाइलच लागतं. फुजीफिल्मने २०२३ मध्ये एक्सॲप आणलं, पण जुन्या मॉडेलांना आधीचं कॅमेरा रिमोट लागतं. कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलचं नाव पाहूनच ॲप उतरवा. सोनीच्या कॅमेऱ्यात 'पीसी रिमोट', म्हणजे संगणकावरून कॅमेरा चालवण्याची सोय, चालू राहिली असेल तर फोनवरून नियंत्रण मिळत नाही, दोन्हींपैकी एकच चालतं.

काही गोष्टी बिघाड नसून कॅमेऱ्याची मर्यादाच असतात, आणि त्या माहीत नसल्या की माणूस उगाच झगडत बसतो. निकॉन डी३५०० मध्ये वाय-फाय नाहीच, फक्त ब्लूटूथ आहे. फोनवरून शटर दाबता येतं, छोट्या आकाराचे फोटो उतरवता येतात, पण लाइव्ह व्ह्यू दिसणार नाही, कारण तेवढा डेटा ब्लूटूथच्या त्या मंद जोडणीवर मावत नाही. उलट कॅनन १५००डीमध्ये वाय-फाय आहे पण ब्लूटूथ नाही, म्हणून झोपलेल्या कॅमेऱ्याला फोनवरून उठवता येत नाही. वाय-फाय दरवेळी कॅमेऱ्यावरूनच चालू करावं लागतं. कॅननच्याच २००डी मार्क दोनमध्ये दोन्ही आहेत. सेकंडहँड कॅमेरा फोनवरून चालवण्यासाठी घेणाऱ्यांनी दुकानात हे आधी बघावं.

जोडणी ठीक, पण शटर पडत नाही

ॲपवरचं बटण दाबलं, काहीच झालं नाही, आणि दोष कनेक्शनवर गेला. हे फार वेळा घडतं. कॅमेऱ्याला फोकस सापडला नसतो. ऑटोफोकसवर असताना फोकस लागेपर्यंत बरेच कॅमेरे शटर सोडत नाहीत. हलत्या पाण्यावर आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात हमखास असं होतं. थाळीच्या काठावर एकदा फोकस लावून घ्या आणि लेन्स मॅन्युअलवर टाका. पक्षी कुठे बसणार हे साधारण ठरलेलं असतं, त्यामुळे लेन्सचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, थोडं लहान ठेवलं की निभावतं.

ॲपमध्ये आयएसओ किंवा ॲपर्चर बदलता येत नसेल तर कॅमेऱ्यावरची चकती पाहा. ती ऑटोवर असेल तर ॲप काही बदलू देणार नाही, एमवर आणा. प्रत्येक फोटोनंतर ॲप अडकत असेल तर फोटो लगेच फोनवर ओढून घेण्याची सोय बंद करा. मूळ फोटो कार्डावर असतोच. रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली अवजड फाइल वायरलेसने ओढत बसण्यात काहीच शहाणपण नाही.

मध्ये राउटर घालून पाहा

घरात कायमची जागा असेल तर कॅमेरा आणि फोन दोघांना घरच्या राउटरला जोडणं हा सर्वात टिकाऊ उपाय आहे. तुमच्या कॅमेऱ्यात ही सोय असेल तर फोनला इंटरनेटही मिळत राहतं, म्हणजे भांडणाचं मूळच जातं. राउटरची पोच कॅमेऱ्याच्या इवल्याशा अँटेनापेक्षा जास्त असते. बाहेरगावी छोटा प्रवासी राउटर पॉवर बँकेवर चालवता येतो, त्याला इंटरनेट नसलं तरी चालतं. त्या वेळी फोनचा डेटा मात्र वर सांगितल्याप्रमाणे बंद ठेवा.

हॉटेल, कॉलेज, कार्यालय यांच्या वाय-फायवर हा बेत बहुधा फसतो. तिथे जोडलेल्या उपकरणांना एकमेकांशी बोलू न देण्याची व्यवस्था असते. दोघेही जोडलेले दिसतात, पण एकमेकांना सापडत नाहीत.

फोनच्याच हॉटस्पॉटला कॅमेरा जोडत असाल तर दोन गोष्टी बघा. आयफोन १२ आणि त्यापुढच्या फोनचा हॉटस्पॉट मुळात ५ गिगाहर्ट्झवर चालतो, २.४ वाल्या कॅमेऱ्याला तो दिसतच नाही. 'मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी' चालू केलं की दिसतो. अँड्रॉइडवर हॉटस्पॉटचा बँड २.४ करा, आणि सुरक्षेत डब्ल्यूपीए३ असेल तर डब्ल्यूपीए२ निवडा. जुने कॅमेरे डब्ल्यूपीए३ ओळखत नाहीत.

वायर

रात्रभर ताऱ्यांचे माग टिपायचे असतील किंवा तासन्‌तास टाइमलॅप्स चालवायचा असेल तर वाय-फायचा हट्ट धरू नये. चौकट आणि फोकस फोनवर पाहून ठरवा आणि मग काम ठरावीक अंतराने आपोआप शटर दाबणाऱ्या इंटरव्हॅलोमीटरवर सोपवा, तो कॅमेऱ्यात असो वा बाहेरून लावलेला.

फोनच हवा असेल तर ओटीजी जोडणी घ्या, म्हणजे कॅमेरा यूएसबी केबलने थेट फोनला जोडा. यूएसबीवर कॅमेरे पीटीपी नावाच्या भाषेत बोलतात, ते आयएसओ १५७४० हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. वाय-फायवर तीच भाषा पीटीपी-आयपी म्हणून चालते आणि तिच्या पोर्टचा क्रमांकही १५७४० आहे. म्हणून केबलवर जे ॲप नीट चालतं पण वाय-फायवर तुटतं, तिथे कॅमेरा आणि ॲप यांचं आपसांत जुळतंय हे नक्की होतं, आणि दोष मधल्या वाटेचा ठरतो.

केबलचे त्रास वेगळे आहेत. चार्जिंगपुरत्या बनवलेल्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, तिने कॅमेरा दिसणार नाही. काही फोनमध्ये ओटीजी सेटिंग्जमधून चालू करावं लागतं आणि दहा मिनिटं वापर झाला नाही की ते आपोआप बंद होतं. केबल लावल्याबरोबर गॅलरी किंवा फाइल मॅनेजर उघडला तर तो कॅमेरा धरून ठेवतो आणि तुमच्या ॲपच्या हाती काही लागत नाही. तो बंद करा, केबल काढून लावा आणि विचारल्यावर आपलं ॲप निवडा. संगणकावर, लिनक्समध्ये, कॅमेरा चालवणारा जीफोटो२ हा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना यूएसबी ताब्यात घेता येत नसल्याची चूक दिसते, तिचंही कारण हेच. जोडलेली उपकरणं आपोआप उघडणाऱ्या डेस्कटॉपच्या जीव्हीएफएसने कॅमेरा आधीच उचललेला असतो, ती प्रक्रिया थांबवली की मार्ग मोकळा होतो. बऱ्याच कॅनन कॅमेऱ्यांत केबल लावली की वाय-फाय बंद होतं, त्यामुळे दोन्ही एकत्र चालवायच्या फंदात पडू नका.

कॅमेराच दुरुस्तीला न्यायचा कधी

एअरप्लेन मोड, हातभर अंतर, भरलेली बॅटरी आणि दोन वेगवेगळे फोन, एवढं करूनही जोडणी टिकत नसेल तर कॅमेऱ्याचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अद्ययावत करा. मेनूतल्या फक्त वायरलेसच्या सेटिंग्ज पुसायची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती वापरा. त्यानंतरही तुटत असेल तर सर्व्हिस सेंटरला जा. तिथे नुसतं 'वाय-फाय चालत नाही' म्हणून सांगू नका. कुठल्या फोनवर, कुठल्या ॲपच्या आवृत्तीवर, किती सेकंदांनी आणि किती अंतरावर तुटतं ते कागदावर लिहून द्या. एकदा कॅमेरा पडला असेल, पावसात भिजला असेल, तेही लिहा. अँटेनाची बारीक वायर सैल होण्यासारखा दोष बाहेरून दिसत नाही आणि काउंटरवरच्या माणसासमोर कॅमेरा नेमका दोन मिनिटं नीट चालतो.